वडिलांच्या कपाटातील अकरा बाटल्या: जुन्या व्हिस्कीचे मोल कसे ठरवावे

आपल्या प्रश्नाचा सारांश प्रथम नोंदवतो, म्हणजे पुढील उत्तराचा संदर्भ स्पष्ट राहील. आपले वडील व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनीअर होते. गेल्या वर्षी ते गेल्यानंतर कोथरूडच्या घरातील कपाटात आणि माळ्यावर व्हिस्कीच्या अकरा न फोडलेल्या बाटल्या सापडल्या. आपण पाठवलेल्या यादीत निळ्या चिनी मातीच्या सुरईतील एक रॉयल सॅल्यूट, जॉनी वॉकर ब्लू लेबलच्या दोन, मॅकॅलन १८ वर्षेच्या दोन (दोन्हींवर १९७५ चे ऊर्ध्वपातन, एकीला खोके आहे, दुसरीला नाही), एक हिबिकी १७, आजोबांच्या काळची एक रेड लेबल, मामांनी खडकीहून आणून दिलेल्या लष्करी कँटीनच्या दोन, २०१८ च्या अखेरीस आपण स्वतः विमानतळावर घेतलेली पांढरी ‘व्हाइट वॉकर’ आणि सर्वांत शेवटी ‘कुठलीशी पोर्ट एलन, लेबलवर नकाशा’ अशी नोंद आहे. आपले प्रश्न तीन आहेत: प्रत्येकीची किंमत किती, अठरा वर्षांची व्हिस्की तीस वर्षे कपाटात राहिल्याने आता अठ्ठेचाळीस वर्षांची झाली का, आणि पुण्यात ती कोण विकत घेईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. नाही, झाली नाही. व्हिस्की मुरते ती ओकच्या पिंपात. काचेच्या बाटलीत ती मुरत नाही. १९९३ मध्ये बाटलीबंद झालेली अठरा वर्षांची मॅकॅलन आजही अठरा वर्षांचीच आहे. तिचे मोल वाढले असेल तर ते अशा बाटल्या जगात कमी उरल्यामुळे आणि त्या काळची घडण आता मिळत नसल्यामुळे. आत काही पिकले म्हणून नव्हे. हा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण मूल्यांकनाचे पुढील सारे काम त्यावर उभे आहे. आपण जे विकणार ते मद्य नसून एक ओळख पटलेली, जपलेली, पुराव्यानिशी आलेली वस्तू आहे. जुन्या नाण्यांच्या किंवा तिकिटांच्या संग्राहकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

याचे टोकाचे उदाहरण मॅकॅलनचेच आहे. १९२६ मध्ये गाळलेले आणि साठ वर्षे मुरलेले २६३ क्रमांकाचे पिंप १९८६ मध्ये बाटल्यांत भरले गेले. चाळीस बाटल्या निघाल्या. त्यांपैकी ‘फाइन अँड रेअर’ मालिकेचे लेबल लावलेली एक बाटली २०१९ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात सुमारे साडेचौदा लाख पौंडांना गेली. त्याच पिंपातील, पण इटालियन चित्रकार व्हालेरिओ अदामी यांचे लेबल असलेली दुसरी बाटली त्याच लिलावगृहात नोव्हेंबर २०२३ मध्ये जवळजवळ बावीस लाख पौंडांना गेली. दोन्हींत मद्य एकच होते. मधल्या चार वर्षांत बाजार बदलला होता हे खरे. तरीही अदामींचे लेबल असलेल्या बाटल्या बाराच, आणि चित्रसंग्राहकालाही त्यांचा मोह होतो, ही गोष्ट त्या आकड्यात मोजली गेली आहे. आपल्या कपाटातील लेबलाचा कोपरा कसर लागून कुरतडला गेला असेल, तर त्याचे नुकसानही याच हिशेबाने मोजले जाते.

आता बाटली हातात घेतल्यावर मी काय पाहतो ते सांगतो. स्कॉटलंडमधील एका लिलावगृहात बाटल्या तपासून नोंदवण्याचे काम मी काही वर्षे केले, आणि पुण्यात परतल्यानंतर विमा आणि वारसावाटप यांसाठी संग्रहांचे मूल्यांकन करतो. त्यामुळे आधी नेमकी आवृत्ती कोणती हे ठरवायचे आणि मगच किमतीकडे वळायचे, ही सवय अंगवळणी पडली आहे. ‘मॅकॅलन अठरा’ ही एक बाटली नाही. त्या काळात लेबलावर ऊर्ध्वपातनाचे वर्ष छापले जाई आणि प्रत्येक वर्षाचा भाव वेगळा आहे. शिवाय कोणत्या देशाच्या बाजारासाठी ती भरली, ७० सेंटीलिटर की ७५, ४० टक्के की ४३, यानेही नोंद बदलते. युरोपात ७५ सेंटीलिटरची बाटली जाऊन ७० ची आली ती १९९० च्या सुमारास. ब्रिटनमध्ये मद्याची तीव्रता ‘प्रूफ’ ऐवजी टक्क्यांत लिहिणे १९८० पासून सुरू झाले. म्हणून लेबलावर ‘७० डिग्री प्रूफ’ आणि ‘२६ २/३ फ्लुइड औंस’ असे दिसले, तर बाटली बहुधा त्याआधीची असते. अमेरिकेतील बाटल्यांच्या काचेत, बाटली पुन्हा विकण्यास किंवा वापरण्यास संघराज्याचा कायदा मनाई करतो, असे वाक्य कोरलेले असेल, तर ती १९३५ ते १९६४ या काळाकडे बोट दाखवते. आणि ‘स्कॉच’ म्हणून मिरवणाऱ्या बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा दिसला, तर मी लगेच भारतात भरल्याची नोंद शोधतो, कारण ही तीव्रता आपल्याकडील बाटलीबंद मालाची जुनी खूण आहे. असा माल चांगला असू शकतो, पण परदेशी संग्राहक त्याला सहसा हात लावत नाही.

आवृत्ती ठरली की पातळी पाहायची. बाटली उभी ठेवून मागे टॉर्च धरला की मद्याची रेषा स्पष्ट दिसते. मानेत वरपर्यंत, मानेच्या तळाशी, खांद्याच्या वर, खांद्याच्या मध्यावर अशा पायऱ्यांनी ती नोंदवतात. बूच कितीही घट्ट असले तरी वर्षानुवर्षे थोडी वाफ निघून जातेच, आणि पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकत असताना स्लॅबखालच्या माळ्यावर ती अधिक निघते. तीस वर्षांच्या बाटलीची पातळी मानेच्या तळाशी असेल तर मला त्यात वावगे वाटत नाही. खांद्याच्या मध्यापर्यंत खाली गेली असेल तर भाव चांगलाच उतरतो, कारण घट नुसत्या प्रमाणाची नसते. तीव्रताही बदललेली असू शकते आणि हवा आत गेली आहे हे उघड असते.

याच्या उलट बाजूवर मी स्वतः एकदा घसरलो आहे. काही वर्षांपूर्वी एरंडवण्यातील एका कुटुंबाने एका बड्या डिस्टिलरीच्या पंचवीस वर्षे जुन्या बाटलीची छायाचित्रे पाठवली. पातळी मानेत अगदी वर, लेबल कोरे करकरीत; मी छायाचित्रांवरूनच ती उत्तम स्थितीतील ठरवली. प्रत्यक्ष पाहायला गेलो तेव्हा कळले, की ती बाटली तेवढी सर्व वर्षे उघड्या गच्चीखालच्या माळ्यावर होती. तिथे राहिलेली बाटली इतकी भरलेली कशी राहील, हा प्रश्न मला छायाचित्र पाहतानाच पडायला हवा होता. सोन्या मारुती चौकातील सराफाकडून घेतलेले दहापटीचे भिंग लेबलावर धरले, तर अक्षरांच्या काळ्या रंगातही निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले. मूळ लेबलावर अक्षरे एकसलग काळ्या शाईत छापलेली असतात. स्कॅन करून रंगीत प्रिंटरवर काढलेल्या नकलेत तीच चार रंगांच्या ठिपक्यांनी बनतात. झाकणाखालील पट्टी बोटाने हलकेच फिरवली तर ती सबंध फिरली आणि सांध्यावर गोंदाची बारीक रेघ दिसली. तेव्हापासून छायाचित्रावरून मी फक्त संभाव्य नोंद सांगतो, ठाम किंमत नाही. आपल्यालाही या उत्तरात तेवढेच सांगणार आहे.

असे प्रकार अपवादात्मक नाहीत. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील विद्यापीठांच्या संयुक्त पर्यावरण संशोधन केंद्राने ५५ दुर्मीळ म्हणवल्या जाणाऱ्या स्कॉच बाटल्या कार्बन पद्धतीने तपासल्या, त्यांत २१ बनावट निघाल्या. तत्त्व असे: १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, तो धान्यात उतरला आणि धान्यातून मद्यात. त्यामुळे ‘१९०३ ची’ म्हटलेल्या बाटलीत तो वाढीव कार्बन सापडला, तर खोटेपणा उघड होतो. त्याआधीच्या वर्षी स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात १८७८ ची म्हणून विकलेल्या मॅकॅलनच्या एका पेल्यासाठी एका चिनी पाहुण्याने ९,९९९ स्विस फ्रँक मोजले. तपासणीत ते १९७० च्या सुमारास बनलेले, वेगवेगळ्या व्हिस्कींचे मिश्रण निघाले, आणि हॉटेलने पैसे परत केले. आपल्या बाटल्यांसाठी अशा तपासणीची गरज नाही. बनावट करणारा जिथे मोठी रक्कम आहे तिथेच कष्ट घेतो. आपल्याकडे मात्र त्याचे स्वस्त रूप आहे ते म्हणजे पुनर्भरण, अर्थात मूळ रिकाम्या बाटलीत हलके मद्य भरणे. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरताना उंची स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या, खोक्यासकट, कशा वेगळ्या मांडलेल्या असतात ते पाहावे. भंगारवाला साध्या बाटलीपेक्षा ब्लू लेबलच्या रिकाम्या बाटलीला कितीतरी जास्त भाव देतो. तो भाव कशासाठी देतो, याचा विचार विकणाऱ्याने क्वचितच केलेला असतो.

तिसरी गोष्ट पुराव्याची, आणि इथे आपली बाजू बळकट आहे. जहाजावरील अधिकाऱ्याच्या सीडीसी पुस्तिकेत, म्हणजे त्याच्या सागरी सेवेच्या अधिकृत नोंदवहीत, कोणत्या जहाजावर, कोणत्या बंदरात, कोणत्या तारखेला चढले आणि उतरले याच्या शिक्क्यांसह नोंदी असतात. बाटलीवर ‘सिंगापूर ड्यूटी नॉट पेड’ (सिंगापूरचे शुल्क न भरलेली) अशी चिठ्ठी असेल आणि त्याच सुमारास वडील सिंगापुरात उतरल्याची नोंद पुस्तिकेत असेल, तर त्याहून चांगला दाखला कोणते लिलावगृह मागणार? बाँड स्टोअरच्या, म्हणजे जहाजावरील करमुक्त मालाच्या कोठाराच्या, पावत्या, वडिलांचे जुने पासपोर्ट, कपाटापुढे काढलेला एखादा कौटुंबिक फोटो ज्यात बाटली मागे दिसते, हे सर्व एका पाकिटात एकत्र ठेवावे. पोटमाळा साफ करताना हे कागद रद्दीत गेलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत, की आता कुणाच्या घरी गेलो तर बाटल्यांच्या आधी कागदच मागतो.

आता आपल्या यादीकडे येतो.

लष्करी कँटीनच्या दोन्ही बाटल्यांना पुनर्विक्रीचे मूल्य नाही. त्यांवर केवळ संरक्षण दलांसाठी असल्याचे छापलेले असते आणि त्या इतरांना विकता येत नाहीत. व्हाइट वॉकर २०१८ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने निघाली आणि जगभरच्या विमानतळांवर ढिगाने विकली गेली. ‘लिमिटेड एडिशन’ हे शब्द आकड्याशिवाय छापलेले असले, की मी ते वाचलेच नाहीत असे धरून चालतो. ब्लू लेबल उत्तम आहे, पण ती दुर्मीळ नाही. १९९० च्या दशकापासून ती सतत निघत आहे. इथे पुणेकरांची एक विशिष्ट गफलत होते. वाइन शॉपमधील ब्लू लेबलची छापील किंमत पाहून आपल्या बाटलीचेही तेवढे येतील असे वाटते. ती किंमत मुख्यतः कराची आहे. २०२५ मध्ये आयात स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क असा तो डोलारा होता. परदेशातील खरेदीदाराला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात स्वाक्षरी झालेल्या व्यापार करारात हे शुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. म्हणजे करावर उभा असलेला हा स्थानिक भ्रमही हळूहळू विरत जाईल.

आजोबांची रेड लेबल आपल्याला सर्वांत मौल्यवान वाटते, कारण ती सर्वांत जुनी आहे. ती खरोखरच १९८० पूर्वीची दिसते. पण त्या काळातही रेड लेबल लाखोंनी भरली जाई आणि जगभर कपाटांत पडून राहिली आहे. जुनी मिश्रणे चाखणाऱ्यांचा एक छोटा, चोखंदळ वर्ग आहे. तो अशा बाटलीला माफक पैसे देतो आणि ती उघडून पितो. माझ्या मते तेच तिचे योग्य भवितव्य आहे.

रॉयल सॅल्यूटबाबत थोडे थांबतो. ही व्हिस्की १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकानिमित्त बाजारात आली, एकवीस वर्षांची, आणि चिनी मातीच्या सुरईमुळे भारतीय घरांत ती भेट म्हणून फार फिरली. अडचण सुरईचीच आहे: आतली पातळी दिसत नाही. मखमली पिशवीत, खोक्यात, वरून निष्कलंक दिसणारी सुरई आतून अर्धी रिकामी असल्याचे मी पाहिले आहे. बूच वाळते, आकसते आणि मद्य हळूहळू उडून जाते. म्हणून ती वजन करून पाहावी लागते. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा पुरेसा आहे. ४० ते ४३ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीचे वजन पाण्यापेक्षा थोडे कमी, मिलिलिटरला साधारण ०.९५ ग्रॅम असते. म्हणजे ७५० मिलिलिटरचे वजन सातशे दहा ग्रॅमच्या आसपास यायला हवे. त्यात रिकाम्या सुरईचे वजन मिळवायचे. ते मिळवण्यासाठी मी त्याच नमुन्याच्या दोन रिकाम्या सुरया जुन्या बाजारातून आणून ठेवल्या आहेत. आपल्या सुरईचे एकूण वजन, तळाशी असलेल्या छापाचा फोटो आणि तीवर लिहिलेले आकारमान कळवावे, म्हणजे आत किती शिल्लक आहे हे मी बऱ्यापैकी अचूक सांगू शकेन. कानाशी धरून हलवण्याचा प्रयोग मात्र करू नये; त्याने ठिसूळ बूच मद्यात भिजते, आणि कळत काहीच नाही.

हिबिकी १७ च्या निमित्ताने बाजाराची चाल कशी असते ते दिसते. जपानच्या सन्टोरी कंपनीने २०१८ मध्ये मुरवलेल्या साठ्याच्या टंचाईमुळे ती थांबवली आणि भाव वर गेला. त्याच वर्षी थांबवलेली, याच कंपनीची हाकुशू १२ मात्र २०२१ मध्ये पुन्हा बाजारात आली. बंद झालेली गोष्ट परत येऊ शकते, हा धोका उत्पादन थांबल्यामुळे वाढलेल्या प्रत्येक किमतीत दडलेला असतो. पिंपे संपणे आणि कंपनीने तूर्त हात आखडणे यांत फरक आहे. हिबिकीला चांगल्या स्थितीत काही शे पौंड मिळतात. तिचे खोके सापडले तर उत्तम.

दोन मॅकॅलन या संग्रहाचा कणा आहेत. १९७० च्या दशकात गाळलेल्या, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरलेल्या अठरा वर्षांच्या मॅकॅलनला गेल्या दशकात चार आकडी पौंड मिळालेले आहेत. खोके असलेली आणि नसलेली यांत सहज पाचव्या-सहाव्या हिश्श्याचा फरक पडतो, म्हणून दुसऱ्या बाटलीचे खोके माळ्यावर आणखी एकदा शोधावे. अशा खोक्यांत लोक बऱ्याचदा बिलाचे कागद किंवा विजेच्या तारा भरून ठेवतात. मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. बाजार २०२२ च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि त्यानंतर उतरला. त्या वेळचे विक्रमी आकडे घेऊन आज कुणी आपल्याला किंमत सांगत असेल, तर तो आपले मन राखत आहे. मी गेल्या बारा महिन्यांतील, त्याच वर्षाच्या, त्याच आकारमानाच्या बाटलीचे प्रत्यक्ष पूर्ण झालेले सौदे पाहतो आणि त्यांतील मधला आकडा धरतो. संकेतस्थळावर दुकानदाराने टांगलेली किंमत ही त्याची अपेक्षा असते. तीन वर्षे तशीच टांगलेली असेल, तर ती चुकल्याचा पुरावाही असते.

आणि शेवटची, ती ‘कुठलीशी’ पोर्ट एलन. आपण तिला यादीच्या तळाशी ढकलले आहे. मला ती पाहून खुर्चीत सरळ बसावेसे वाटले. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील ही डिस्टिलरी १९८३ मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्येच पुन्हा सुरू झाली. म्हणजे १९८३ पूर्वीचे जे काही बाटलीत आहे, ते तेवढेच. नकाशा छापलेले लेबल हे एल्गिन येथील गॉर्डन अँड मॅकफेल या जुन्या घराण्याच्या ‘कॉनेसर्स चॉइस’ मालिकेचे असावे. ही मंडळी वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांची पिंपे घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरत आली आहे. डिस्टिलरीने स्वतः काढलेल्या बाटलीपेक्षा अशा स्वतंत्र भरणाऱ्याची बाटली सहसा कमी भावाने जाते, पण नेहमीच नाही. इटलीच्या समारोली या अशाच स्वतंत्र भरणाऱ्यांनी १९८४ मध्ये भरलेली १९६६ ची बोमोर (आयलावरीलच दुसऱ्या डिस्टिलरीची व्हिस्की), अवघ्या ७२० बाटल्या, आज संग्राहकांच्या जगात अत्यंत मागणी असलेल्या बाटल्यांत गणली जाते. आपली पोर्ट एलन त्या पंगतीतील नाही. ४० टक्क्यांची, मोठ्या संख्येने भरलेली असावी. तरीही ती काही शे पौंडांची वस्तू आहे, आणि दोन ब्लू लेबल एकत्र केल्या तरी तिच्या बरोबरीला येतीलच असे नाही. पुढच्या आणि मागच्या लेबलांचे, झाकणाचे आणि तळाच्या काचेवरील आकड्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता पाठवावेत.

आता हातात काय पडते ते पाहू. समजा, परदेशातील लिलावात एका बाटलीवर १,००० पौंडांची शेवटची बोली लागली. खरेदीदार त्यावर लिलावगृहाचा प्रीमियम वेगळा देतो. तो काही ठिकाणी दहा टक्के तर बड्या घरांत पंचवीस टक्क्यांपर्यंत असतो. वृत्तपत्रांत छापले जाणारे विक्रमी आकडे बहुधा हा प्रीमियम धरून असतात, विक्रेत्याला मिळालेले नसतात. विक्रेत्याकडून दहा टक्के दलाली धरली तर १०० पौंड, त्या दलालीवर वीस टक्के व्हॅट म्हणजे २० पौंड, राहिले ८८०. त्यातून विमा, वाहतूक आणि त्या देशात मद्य आणताना भरावे लागणारे शुल्क वजा होते. दोनशे पौंडांच्या बाटलीबाबत हा हिशेब मांडला, की ती विकण्यात अर्थ नसल्याचे आपोआप दिसते. आपल्या अकरापैकी हा खर्च सोसून काही उरवतील अशा बाटल्या माझ्या अंदाजाने तीन आहेत: दोन मॅकॅलन आणि पोर्ट एलन. सुरई वजनात पूर्ण उतरली तरी तिचा भाव तिच्या देखणेपणाच्या मानाने कमीच राहील.

पुण्यात कोण विकत घेईल, या प्रश्नाचे उत्तर अप्रिय आहे, पण स्पष्ट आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य विकणे गुन्हा आहे. मग ती एक बाटली असो, वारशाने आलेली असो, किंवा मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिलेली असो. बाळगण्यासाठीही परवाना लागतो आणि त्यालाही मर्यादा आहे. म्हणून सर्वांत आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात वारशाने आलेला हा साठा कसा नोंदवायचा याची लेखी विचारणा करावी. वकिलाचे दोन शब्द घेतल्यास आणखी बरे. क्लबातील एखादे गृहस्थ ‘रोख देतो, कागद नकोत’ म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. ते बहुधा पडत्या भावाने मागत असतात, आणि गुन्हा मात्र आपल्या नावावर लागतो.

उरतो परदेशाचा मार्ग. विमानाने सामानात २४ ते ७० टक्के तीव्रतेचे मद्य दर माणशी पाच लिटरपर्यंत, मूळ बंद बाटल्यांत, नेता येते. ही विमानसुरक्षेची मर्यादा आहे, कराची सवलत नव्हे. ब्रिटनमध्ये प्रवाशाला मिळणारी करमुक्त सूट स्वतःच्या वापरासाठी किंवा भेटीसाठी असते. विक्रीसाठी नेलेली बाटली तिथे जाहीर करून शुल्क भरावे लागते, आणि आपल्या बहिणीचे एडिंबरामध्ये घर असले तरी हा नियम बदलत नाही. निघण्यापूर्वी लिलावगृहाला फोटो आणि कागदपत्रे पाठवून लेखी अंदाज, दलाली आणि राखीव किंमत (जिच्या खाली बाटली विकायची नाही ती) ठरवून घ्यावी. राखीव किंमत अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा वर धरू नये. न विकली गेलेली बाटली पुढच्या लिलावात शिळी समजली जाते.

तोवर बाटल्या माळ्यावरून खाली आणाव्यात. आतल्या खोलीतील, भिंतीला ओल न येणाऱ्या लाकडी कपाटात त्या उभ्या ठेवाव्यात. वाइन आडवी ठेवतात म्हणून व्हिस्कीही आडवी ठेवणारे पुष्कळ भेटतात. चाळीस टक्क्यांचे मद्य बुचाला सतत लागून राहिले की ते बूच खाऊन टाकते. पावसाळ्यात लेबलावर बुरशी येते, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि डांबरगोळ्या अजिबात ठेवू नयेत, कारण त्यांचा वास जुन्या बुचातून आत शिरतो. आयातदाराने लावलेली चिकटपट्टी, किमतीचे जुने लेबल, बंदरावरील चिठ्ठी यांपैकी काहीही सोलून काढू नये. लेबल ओल्या फडक्याने पुसणे हा तर मी पाहिलेला सर्वांत महागडा स्वच्छतेचा प्रकार आहे.

उरलेल्या बाटल्या आपण परवाना घेऊन घरीच उघडणार असाल, तर रेड लेबलपासून सुरुवात करावी. जुन्या बाटलीला बूच असेल तर उघडण्याआधी ती मिनिटभर उलटी धरावी, म्हणजे कोरडे बूच थोडे ओले होते. तरी ते मोडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून चहाची बारीक गाळणी आणि एक स्वच्छ, कोरडी बाटली जवळ असू द्यावी. ब्लू लेबल संपल्यावर रिकामी बाटली भंगारात देण्यापूर्वी लेबलावर किल्लीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात आणि खोके फाडून वेगळे टाकावे. भंगारवाला नाराज होईल आणि दहा-वीस रुपयांतच सौदा आटोपेल.